साखळी, दातेरी चाकं आणि सिमेंटची हंसीण

रागाने जगातला एकही प्रश्न सुटत नाही. केटल ग्रोव्हच्या हायस्कूलमध्ये, भूमितीच्या वर्गात, फळ्याच्या वर हे वाक्य निळ्या रंगात रंगवलेलं आहे, आणि त्याच्या खाली उभं राहून नॉर्बर्ट झास्ट्रो वर्षानुवर्षं मुलांना वर्तुळ म्हणजे काय ते समजावून सांगतो आहे. वाक्य त्याचंच, अक्षरही त्याचंच. विस्कॉन्सिनच्या त्या कोपऱ्यात एवढा समंजस माणूस दुसरा नाही, असं खुद्द पास्टर म्हणत. त्याच समंजस माणसाने ऑगस्टच्या अखेरीला, भर दुपारी, नऊ-सोळांश इंचाचा पाना भिरकावून शेजारणीच्या दारातल्या हंसिणीचं मुंडकं उडवलं.

हंसीण सिमेंटची होती, हे खरं. पण तिच्या अंगात कपडे होते. केटल ग्रोव्हमध्ये दारात सिमेंटची हंसीण ठेवतात आणि ऋतुमानाप्रमाणे तिचे कपडे बदलतात. पावसाळी दिवसांत पिवळा रेनकोट, फुटबॉलच्या मोसमात हिरवा स्वेटर, नाताळात लाल झगा. त्या दिवशी शाळा सुरू होणार म्हणून मिसेस ब्लूमक्विस्टनी तिच्या पाठीला छोटंसं दप्तर अडकवलं होतं. दप्तर अडकवलेल्या कुणाचंही मुंडकं उडवणं शिक्षकाला शोभत नाही. नॉर्बर्टलाही ते पटलेलं होतं. त्याचं म्हणणं एवढंच होतं की याला जबाबदार त्याचा मेव्हणा आहे.

मेव्हण्याकडे वळण्यापूर्वी गावाचे दोन नियम सांगायला हवेत, नाहीतर नॉर्बर्टचा राग कुणाला कळायचा नाही. पहिला नियम असा की गावात राग बोलून दाखवत नाहीत. कोठार जळालं तर मालक म्हणतो, "याहून वाईट होऊ शकलं असतं." मुलीने शिकागोच्या पोराशी लग्न ठरवलं तर आई खिडकीबाहेर बघत म्हणते, "हं. जरा वेगळंच आहे." 'जरा वेगळंच आहे' ही तिथली सर्वांत जहाल शिवी. ती ज्याला ऐकून घ्यावी लागते त्याने बर्फ पडून वितळेपर्यंत चारचौघांत येऊ नये, असा संकेत आहे.

दुसरा नियम आग्रहाचा. कुणी काही देऊ केलं की पहिल्यांदा "छे, कशाला!" म्हणायचं. दुसऱ्यांदा "नको, अगदी खरंच नको" म्हणायचं. आणि तिसऱ्यांदा, समोरच्यावर उपकार केल्यासारखं, "बरं बाबा, तुझा इतका आग्रहच असेल तर" म्हणून घ्यायचं. पहिल्याच हाकेला 'हो' म्हणणारा माणूस एक तर शिकागोचा असतो, नाहीतर उपाशी.

त्या वर्षी फेब्रुवारीत हार्लन वेटश्टाइन गेला. हार्लनचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि गावातल्या अर्ध्या लोकांना मोटारसायकल त्याने शिकवली होती. नॉर्बर्टलाही त्यानेच शिकवली. नॉर्बर्टने पहिल्याच दिवशी ती दुकानाच्या काचेतून आत नेली, तरी हार्लन नुसतं "दार तिकडे आहे" एवढंच म्हणाला. दर वर्षी सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी चर्चच्या अंगणातून चाळीसेक मोटारसायकली निघत, हार्लन सगळ्यांत पुढे असे. त्या फेरीला नावच 'हार्लनची फेरी'. दफन उरकल्यावर चर्चच्या तळघरात हॅमचे सँडविच खाताना त्याची बायको मॅव्हिस नॉर्बर्टला म्हणाली, "या वर्षी पुढे तू राहा." नॉर्बर्ट म्हणाला, छे, मी कसला. मॅव्हिस म्हणाली, हार्लनची इच्छा होती. नॉर्बर्ट म्हणाला, नको, खरंच नको, ड्वेन आहे की. मॅव्हिस जुन्या वळणाची. तिने तिसऱ्यांदा विचारलं, आणि नॉर्बर्टने डोळे पुसत मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा तो कशाच्या तरी पुढे असणार होता. त्याच्या मागचा दुसरा नंबर ड्वेनचा होता, हेही तिथेच ठरलं.

ड्वेन म्हणजे नॉर्बर्टच्या बायकोचा, व्हर्नाचा, धाकटा भाऊ. घरोघरी फिरून क्षारांचं जड पाणी मऊ करण्याची यंत्रं विकायचा. ज्या गावातलं पाणी आधीच मऊ होतं तिथेही त्याने चौदा यंत्रं विकली होती, यावरून माणसाची कल्पना यावी.

जुलैमधल्या एका शुक्रवारी सगळा गाव तळलेले मासे खायला जमला होता. ब्रँडीचे गोड ग्लास समोर आले. ड्वेन खुर्ची ओढून नॉर्बर्टच्या कानाशी लागला.

"नॉर्ब, तुला झोप कशी येते रे?"

"का? काय झालं?"

"तुझ्या पोटात बॉम्ब आहे."

"माझ्या?"

"गाडीच्या रे! पोट तुझं पण बघून घे कधीतरी, पण आत्ता गाडीचं बोलतोय."

गाडीत काहीही बिघाड नव्हता, ही गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. नॉर्बर्टची दोन सिलिंडरची ती जाडजूड गाडी वर्षाकाठी थोडीशीच फिरायची आणि उरलेला वेळ चादर पांघरून झोपायची. पण तिच्या इंजिनात इतर गाड्यांसारखेच दोन कॅम होते. कॅम म्हणजे अंगावर टेंगळं असलेले दोन दांडे. ते फिरले की टेंगळं व्हॉल्व्ह उघडतात आणि मिटतात. त्यांना फिरवतो क्रँक, म्हणजे इंजिनाचा मुख्य दांडा, आणि क्रँकपासून कॅमपर्यंत गती पोचवायला कंपनीने बसवलेली असते टायमिंग चेन. चेन सैल पडू नये म्हणून प्लास्टिकच्या पट्ट्या तिला दाबून धरतात. चेन घासते, पट्टी झिजते.

"आणि एक दिवस पट्टीचा तुकडा पडतो," ड्वेन आवाज खाली आणून म्हणाला. "तुकडा तेलात. तेल पंपात. पंप बंद, इंजिन जाम. आणि तू कुठे असशील तेव्हा? सगळ्यांच्या पुढे. मागून मॅव्हिस बघत्येय."

नॉर्बर्टच्या घशात मासा अडकला.

"काढून टाक ती चेन. दातेरी गिअर घाल. लोखंडाला लोखंड. झिजायला काही नाहीच. एकदा घातलं की उघडायचं नाव नको. हार्लनने घातले होते, पंधरा वर्षं उघडलं नाही."

"हार्लनची चेन होती," पलीकडच्या टेबलावरून डॉक्टर क्योस म्हणाले.

वेंडेल क्योस निवृत्त दंतवैद्य, नॉर्बर्टच्या भिंतीला भिंत लागून त्यांचं घर. मोटारसायकल चालवायचे तेही परक्याच्या घरात शिरताना पाय पुसतात तसे, जपून.

"चेन म्हणजे हिरडी," डॉक्टर म्हणाले. "वर्षातून एकदा उघडायचं, बघायचं, ठीक असेल तर झाकून टाकायचं."

"आणि गिअर म्हणजे?" ड्वेनने विचारलं.

"कवळी. पक्की असते. पण तिला जबडा सरळ लागतो."

"माझ्या गाडीचा जबडा सरळच आहे!" नॉर्बर्ट म्हणाला. भूमितीच्या शिक्षकाला हा आपल्या विषयाचा अपमान वाटला.

त्या टेबलावर मग हार्लनच्या इंजिनावरून इतकं पेटलं की लिंबाच्या फोडी बाजूला सारून मिठाच्या डब्यांची इंजिनं मांडली गेली. अर्धे गिअरवाले, अर्धे चेनवाले. अर्थात कुणी आवाज चढवला नाही. जाताना दोन्ही पक्षांनी दारात उभं राहून एकमेकांचा तासभर निरोप घेतला.

नॉर्बर्टने गिअर मागवले. सुट्या भागांच्या दुकानातल्या माणसाने काउंटरवरून मान न उचलता सांगितलं, की गिअरबरोबर कॅमही नवे घ्यावे लागतात. कॅम आले तर बेअरिंग लहान निघाले. बेअरिंग बदलायला गेला तर ते बाहेर खेचायचं हत्यार फक्त मंगळवारी भाड्याने मिळतं, आणि मंगळवारी ते दुकान बंद असतं. "हे असं कसं?" नॉर्बर्टने विचारलं. "बरेच लोक विचारतात," तो माणूस म्हणाला, आणि त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही. नॉर्बर्टची मान लाल झाली. त्याचा राग नेहमी मानेतून यायचा आणि कानांपाशी येऊन थांबायचा. तोंडापर्यंत तो कधी पोचलेला नव्हता.

त्यातून तो राहायचा त्या वसाहतीचा नियम असा, की गॅरेजचं दार गाडी आतबाहेर करण्यापुरतंच उघडावं. त्यामुळे जुलैच्या उकाड्यात दार लावून, अंगात बनियन, डोक्याला रुमाल, अशा थाटात त्याने इंजिनाची उजवी बाजू उघडली. दुसऱ्याच दिवशी दारावर टकटक झाली. वसाहतीच्या अध्यक्षा मिसेस आर्डिस ब्लूमक्विस्ट हातात आंबटगोड रुबार्बच्या वड्यांचं ताट घेऊन उभ्या. वड्या गरम होत्या. तक्रार असली की त्यांच्या वड्या गरमच असतात.

"म्हटलं, नॉर्बर्ट उन्हाळ्यात एवढं काम करतोय, तोंड गोड करावं."

"छे, कशाला उगीच."

"मला मेलीला यातलं कळत नाही. पण लोक म्हणतात, वास येतो. मी म्हटलं, येऊ दे, नॉर्बर्टचा वास आहे."

"तेल आहे ते, आर्डिस."

"असेल हो. मी कुठे काय म्हणाले? नियमात 'यांत्रिक व्यवसाय' असा शब्द आहे, तो काही मी लिहिलेला नाही. नवऱ्याने लिहिला होता, तो गेला बिचारा."

आर्डिस ताट ठेवून गेल्या. मागून ड्वेन आला, सुटे भाग बघून टाळी वाजवून म्हणाला, "शाब्बास! ही चेन, या पट्ट्या, आता याचं काय लोणचं घालायचंय? मी नेतो, भंगारात टाकतो." आणि त्याने चेन, पट्ट्या, स्क्रू, सगळं आपल्या पिकअपमध्ये टाकलं. जाताना वड्याही नेल्या.

गिअर बसवायच्या आदल्या दिवशी डॉक्टर क्योस कुंपणाशी आले.

"नॉर्बर्ट, गिअर लावण्याआधी क्रँकचा दांडा सरळ फिरतो का ते मोजून घ्या. चेन थोडं वाकडं चालवून घेते, गिअर घेत नाहीत. माझ्याकडे डायल गेज आहे, सुईने केसाएवढा वाकडेपणाही दाखवतं. आणू?"

नॉर्बर्टला ते गेज हवं होतं. इतकं हवं होतं की त्याची बोटं वळली. म्हणून तो म्हणाला, "छे, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला? तळघरात पडून आहे. आणतो."

"नको डॉक्टर, अगदी खरंच नको."

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं, आणि नेमकी त्यांच्या बायकोने खिडकीतून हाक मारली की उकळत्या बीअरमध्ये टाकलेले सॉसेज फुटायला लागले. डॉक्टर धावले. नॉर्बर्ट कुंपणाशी उभा राहिला. मग बसला. मग त्याने बागेला पाणी घातलं, घातलेल्या बागेला पुन्हा घातलं. डॉक्टर बाहेर आले, सॉसेजबद्दल बोलले, हवेबद्दल बोलले, आत गेले. गेजचं नाव नाही.

"स्वतः जाऊन माग ना," व्हर्ना म्हणाली.

"दोनदा नको म्हटलंय मी. आता कुठल्या तोंडाने मागू?"

"मग ड्वेनला विचार."

"ड्वेनकडे गेज आहे?"

"नाही. पण त्याच्याकडे गेज नसलं तरी तो हो म्हणतो."

नॉर्बर्टने मोजमाप न करता गिअर बसवले. एक चाक, दुसरं चाक, दात्यात दाते, खुणेला खूण. भूमितीचा माणूस, काम नीटनेटकं केलं. झाकण लावलं, तेल भरलं, बटण दाबलं.

गाडी किंचाळली.

किंचाळली म्हणजे नुसती कर्कश वाजली असं नव्हे. दळण संपल्यावर रिकामी फिरणारी चक्की आणि दाराच्या फटीत शेपूट सापडलेलं मांजर यांनी मिळून एक सूर धरावा, तसा आवाज. वेग वाढवला की सूर चढायचा, कमी केला की हुंदका द्यायचा. डॉक्टरांचा म्हातारा कुत्रा गेली दोन वर्षं बहिरा होता, तोही उठून बसला.

"हेच! हाच आवाज!" ड्वेन खूष. "गिअर गातात रे. गाणारे गिअर म्हणजे निरोगी गिअर."

"हे गाणं आहे?"

"सवय होते. माझ्या बायकोच्या बोलण्याची नाही झाली?"

गावाला सवय झाली नाही. आर्डिसबाईंनी ग्रामकार्यालयात विचारणा केली. तक्रार नव्हे, नुसती विचारणा. कार्यालयाने शेजारच्या गावातून आवाज मोजायचं यंत्र मागवलं. माणूस आला, यंत्र गाडीच्या धुराड्यापाशी धरलं, म्हणाला, "मर्यादेत आहे."

"अहो, पण आवाज धुराड्यातून येतच नाहीये," आर्डिस म्हणाल्या.

"नियमात धुराडंच आहे, मॅडम. पोटातल्या आवाजाबद्दल नियम गप्प आहे."

कायद्याने निर्दोष आणि शेजारात तोंड दाखवायची सोय नाही, अशा अवस्थेत नॉर्बर्टने काही दिवस काढले. फेरी तोंडावर आली. शेवटी त्याने ठरवलं, की चुलीत जावोत ते गिअर, जुनी चेन परत घालायची. ड्वेनला बोलावून घेतलं. उकाडा मी म्हणत होता, मान लाल होती, आणि आता नियम गेला खड्ड्यात म्हणून नॉर्बर्टने गॅरेजचं दार सताड उघडं ठेवलं होतं.

"ड्वेन, माझी चेन."

"कुठली चेन?"

"तू भंगारात टाकायला नेलेली. टाकली नसशीलच, तू आयुष्यात काही टाकलेलं नाहीस. आण परत."

ड्वेनने टोपी काढली, आत बघितलं, पुन्हा घातली. "त्याचं असं आहे, नॉर्ब, ती वापरात आहे."

"कुणाच्या?"

"माझ्या. माझ्या गाडीतल्या पट्ट्या पार गेल्या होत्या रे. तुझ्या बघितल्या तर नव्यासारख्या! म्हटलं, वाया कशाला घालवायच्या."

नॉर्बर्टला हे कळायला जरा वेळ लागला. "तुझ्या गाडीत गिअर आहेत."

"आहेत असं मी कधी म्हटलं?"

"तू उन्हाळाभर गिअर, गिअर, गिअर..."

"गिअर चांगले असं म्हटलं. माझ्यात आहेत असं नाही म्हटलं. मी म्हटलं, नॉर्ब शिकलेला माणूस, त्याच्या गाडीत चालले तर आपणही घालू. नाही चालले तर..." ड्वेन गोड हसला. "उगाच दोघांनी कशाला फसायचं?"

राग मानेतून निघाला, कानांपाशी आला, आणि सत्तावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच तिथे थांबला नाही. नॉर्बर्टने हातातला पाना फेकला. ड्वेनवर नाही, त्याने कुणावरच नेम धरला नव्हता. पण उघड्या दारातून पाना सुंदर वळण घेत बाहेर गेला (हे वळण त्याने फळ्यावर कित्येकदा काढलं होतं) आणि रस्त्यापलीकडे खण्ण झालं. हंसिणीचं डोकं फुलझाडांत पडलं. दप्तर जागच्या जागी होतं.

दोघं दारापाशी आले.

"याहून वाईट होऊ शकलं असतं," ड्वेन हळूच म्हणाला. "मी पिकअप तिथेच लावणार होतो."

संध्याकाळपर्यंत गावाने आर्डिसबाईंच्या घरी पाच पातेली पोचवली. गावात कुणाकडे दुःख झालं की चीज घातलेला बटाट्याचा भाजलेला थर नेऊन देतात. आर्डिसबाई डोळ्यांना रुमाल लावून दारात उभ्या, येणारा-जाणारा धडाकडे बघून मान हलवतोय, पास्टर येऊन दोन शब्द बोलून गेले. सहावं पातेलं घेऊन नॉर्बर्ट गेला.

"आर्डिस, मला फार वाईट वाटतं. नवी आणून देतो."

आर्डिसबाईंनी पातेलं घेतलं, झाकण उघडून बघितलं, बंद केलं. मग त्याच्या खांद्यावरून पलीकडच्या मेपलकडे बघत म्हणाल्या, "हं. जरा वेगळंच आहे."

नॉर्बर्ट घरी आला आणि गॅरेजमध्ये अंधारात नुसता बसून राहिला. तेवढ्यात दारात डॉक्टर क्योस. हातात लाकडी पेटी.

"तिसऱ्यांदा विचारतोय," ते संकोचून म्हणाले. "गेज आणू?"

नॉर्बर्ट चिडून म्हणाला, "तीन आठवडे कुठे होता तुम्ही, डॉक्टर?"

"त्या दिवशी सॉसेज फुटलं. मग वाटलं, मध्येच तिसऱ्यापासून सुरुवात करणं बरं दिसत नाही. पुन्हा पहिल्यापासून विचारायचं तर तुम्हाला पुन्हा दोनदा नको म्हणावं लागणार. तुमच्यावर तरी किती ताण टाकायचा?"

दोघांनी मिळून झाकण उघडलं, गिअर उतरवले, गेजची सुई क्रँकच्या दांड्यावर टेकवली. नॉर्बर्टने मागचं चाक हळू फिरवलं. सुई डावीकडे गेली, उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे. दांडा स्वतःभोवती फिरायच्या ऐवजी स्वतःच्या शेजारून फिरत होता. ज्या माणसाने गावातल्या दोन पिढ्यांना वर्तुळाचा मध्य काढायला शिकवलं, त्याच्या स्वतःच्या गाडीत मध्य म्हणून काही नव्हतं.

"जबडा वाकडा आहे," डॉक्टर म्हणाले. "याला कवळी बसायची नाही. दात्यावर दाता दाबून चढतोय, म्हणून ओरडते. दात्यांत थोडं अंतर सुटेल असं बसवलं तर मरणार नाही, पण गप्पही बसणार नाही. असा मार क्रँकला एकदम लागतो. मागचं चाक जागच्या जागी फिरवून रबराचा धूर काढला होता का कधी?"

"मी? धूर? मी सिग्नलला पाय दोन्ही टेकवतो!"

"ड्वेनने नेली होती ना रे," घरात जाणाऱ्या दारातून व्हर्ना म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी, तू परिषदेला गेला होतास तेव्हा. जत्रेत धूर काढायची स्पर्धा होती. दुसरा आला तो."

"आणि हे मला कुणी सांगितलं नाही?"

"तू विचारलं नाहीस. आणि बक्षीस आपल्यालाच दिलं की त्याने. तो बर्फाचा निळा डबा."

नॉर्बर्टने खाली बघितलं. तो त्याच डब्यावर बसला होता.

नव्या पट्ट्या आणि चेन ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत यायच्या नाहीत, असं दुकानाने सांगितलं. ड्वेनने फोन केला. "नॉर्ब, तुझी चेन काढून देऊ का परत?"

"नको!" नॉर्बर्ट ओरडला. हे खरं रागाचं 'नको' होतं, पण ते पहिलं 'नको' होतं, म्हणून तो रिसीव्हर कानाला लावून वाट बघत राहिला.

"बरं," ड्वेन म्हणाला आणि फोन ठेवला.

त्या रात्री नॉर्बर्टने गिअर पुन्हा बसवले. दुसरं होतं काय घालायला?

शनिवारी सकाळी चर्चच्या अंगणात चाळीस मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. बायकांनी कॉफी आणि डोनटचं टेबल मांडलं होतं. टेबलाच्या टोकाशी हंसीण होती. डोकं चिकटवलेलं, मानेला पांढरी पट्टी, आणि डोक्यावर लहान मुलाचं सायकलचं हेल्मेट. ते हेल्मेट कुणाला उद्देशून आहे हे सगळ्यांना कळत होतं.

नॉर्बर्ट येतोय हे दोन गल्ल्या आधीच कळलं. तो अंगणात शिरला आणि बोलणी थांबली. ड्वेन ओळीच्या पुढच्या टोकाला, हेल्मेट घालून, हातमोजे चढवून तयार होता. त्याच्या गाडीचा आवाज लोण्यासारखा होता. त्या लोण्यात नॉर्बर्टची चेन फिरत होती.

मॅव्हिस काठी टेकत आली. तिने किंचाळणाऱ्या गाडीकडे बघितलं, ड्वेनकडे बघितलं, मग नॉर्बर्टकडे.

"नॉर्बर्ट, तुला अवघड वाटत असेल तर ड्वेन तयार आहे. नाहीतर, पुढे तू राहतोस का?"

अंगणातल्या प्रत्येकाला पुढचं तोंडपाठ होतं. नॉर्बर्ट म्हणणार, छे, एवढ्या आवाजात मी कसला. मॅव्हिस म्हणणार, अरे राहा. नॉर्बर्ट म्हणणार, नको, ड्वेनच बरा. आणि मग तिसरा आग्रह. तो झाला तर झाला. पास्टरनी तेवढ्या वेळात डोनट संपवायचं ठरवलं. ड्वेनने पुढचा ब्रेक सोडला.

नॉर्बर्टच्या तोंडात 'छे' तयार होतं. त्या 'छे'च्या मागे त्याला कुंपण दिसलं, फुटलेलं सॉसेज दिसलं, कानाला लावलेला मुका रिसीव्हर दिसला. मान तापली.

"हो," तो म्हणाला. "मीच."

पास्टरांच्या हातातलं डोनट कॉफीत पडलं. कुणीतरी "ओह" म्हणालं. डॉक्टर क्योसच्या बायकोने छातीवर हात ठेवला. पहिल्याच हाकेला! भर चर्चच्या अंगणात!

"हं," आर्डिसबाई हंसिणीचं हेल्मेट नीट करत म्हणाल्या. "जरा वेगळंच आहे."

"आहेच," नॉर्बर्ट म्हणाला, आणि गाडी पुढे घेतली. "ड्वेन, मागे हो."

ड्वेन मागे झाला.

फेरी निघाली. पुढे नॉर्बर्ट किंचाळत, मागे चाळीस गाड्या, जरा अंतर राखून. मक्याच्या शेतांतून, दूधवाल्यांच्या कोठारांवरून आवाज गेला. गाईंनी माना वर केल्या. एका अंगणातलं कुटुंब नाश्ता सोडून घरात पळालं. ड्वेन बरोबर त्याच्या मागच्या चाकाशी होता, म्हणून नॉर्बर्ट गरज नसताना वेग वाढवायचा, कमी करायचा, वाढवायचा. गाडीचा सूर चढायचा, हुंदका द्यायचा, चढायचा. आरशात ड्वेनचा चेहरा आवळत जाताना दिसत होता. नॉर्बर्टचा राग कमी झाला नव्हता. उलट त्याला आता व्यवस्थित वाहन मिळालं होतं.

तळ्याकाठच्या जेवणघरापाशी गाड्या थांबल्या. नॉर्बर्टने बटण बंद केलं आणि सगळ्या जिल्ह्यात शांतता झाली. मॅव्हिस पास्टरांच्या गाडीतून उतरून त्याच्यापाशी आली, त्याच्या बाहीवर हात ठेवून उभी राहिली.

"हार्लनला आवडलं असतं," ती म्हणाली.

"मॅव्हिस," डॉक्टर लगबगीने पुढे आले, "एकदाचं सांगून टाका. हार्लनच्या गाडीत चेन होती का गिअर?"

गिअरवाले जमले, चेनवाले जमले. ड्वेननेसुद्धा हेल्मेट काढलं.

"मला काय माहीत?" मॅव्हिस म्हणाली. "तो चालवायचा. मी मागे बसून झोप काढायचे."

मग सगळे आत मासे खायला गेले. नॉर्बर्टच्या इंजिनातून काढलेल्या जुन्या पट्ट्या, डॉक्टरांच्या हिशेबाने, आणखी वीस हजार मैल सहज गेल्या असत्या. हार्लनची फेरी अकरा मैलांची असते.